चाचणीचा कल बेसल पेशींकडे असतो

प्रोस्टेटच्या सुट्या पेशी मॅट्रिजेल या जेलमध्ये वाढवण्याच्या चाचणीत पेशींचे गोळे जवळपास फक्त बेसल पेशींचेच (ग्रंथीच्या अस्तरातल्या बाहेरच्या थराच्या) होतात, म्हणून प्रोस्टेट कर्करोगाचं मूळही बेसल पेशीतच, हे अनुमान मला मान्य नाही. निरीक्षण बरोबर आहे. पण कोलॅजिनेज-ट्रिप्सिनने ऊतक सुटं केलं की ल्युमिनल पेशींचे (आतल्या, पोकळीकडच्या थराच्या) शेजाऱ्यांशी असलेले बंध तुटतात आणि त्यातल्या बहुतेक मरतात. बेसल पेशी तगतात. म्हणजे चाचणी मोजते ते बऱ्याच अंशी तग धरणं. म्हणून सुट्या पेशींचं मरणं कमी करणारं वाय-२७६३२ हे रसायन (१० मायक्रोमोलर) पेशी सुट्या करतानाच घाला आणि माध्यमात ईजीएफ, नॉगिन, आर-स्पॉन्डिन (पेशींच्या वाढीला मदत करणारी प्रथिनं), ए८३-०१ (वाढ रोखणारा संकेत अडवणारं रसायन), डीएचटी (पुरुष संप्रेरक) ठेवा. २०१४ मध्ये अशा माध्यमात एकेका ल्युमिनल पेशीपासून दोन्ही प्रकारच्या पेशी असलेले ऑर्गनॉइड (अवयवासारखी रचना असलेले छोटे गोळे) वाढले होते. गोळे मोजण्याआधी लाल आणि हिरव्या खुणेच्या पेशी मिसळून बघाच. दुरंगी गोळे दिसले तर ते एकेका पेशीपासून वाढलेले नाहीत, पेशी दाट पेरल्या गेल्यात, आकडा निरुपयोगी.

उगमाचा प्रश्न पेशीवंश-मागोव्यानेच (जिवंत प्राण्यात पेशीवर खूण करून तिच्यापासून पुढे कुठल्या पेशी होतात ते पाहणं) सुटतो. उंदरात पीटेन हे कर्करोग रोखणारं जनुक बेसल किंवा ल्युमिनल, कुठल्याही पेशीत काढलं तरी कर्करोग होतो. बेसल पेशींना मात्र आधी ल्युमिनल रूप घ्यावं लागतं.