विरुद्धार्थी इंग्रजी शब्दांची चित्रं: जोडीनं दाखवायची की एकेक?

खडूफळा
महाराष्ट्रात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं. तरी विरुद्धार्थी शब्द म्हटलं की तक्ता तोच: वर हत्ती, खाली मुंगी, बिग आणि स्मॉल. माझं म्हणणं असं की पहिली-दुसरीच्या लेकरांना जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी देऊच नयेत. दोन्ही नवे, दोन्ही एकाच चित्राला चिकटलेले. दुसऱ्या दिवशी लेकराला ‘यातला एक बिग’ एवढं आठवतं, कोणता ते आठवत नाही. इंग्रजी शब्द कसे शिकवावेत याचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००० साली हाच धोका मांडला होता. जास्त वापरातला शब्द आधी पक्का करा, जोडीदार मागून आणा. मी तर मधे आठ-दहा दिवस जाऊ द्या म्हणेन.

तक्त्यातही खोट आहे. दोन्ही चित्रं कार्डभर काढली की मुंगी हत्तीएवढीच दिसते, आणि बिग म्हणजे हत्ती असं लेकरू धरून बसतं. वस्तू तीच ठेवा, गुण एकच बदला. पोळ्याचे दोन मातीचे बैल काढा. रंग, शिंगं, तोंडाची दिशा सारखी, फक्त एक दुप्पट.

गोदाकाठ
सर, बैलांचं पटलं, दहा दिवसांचं नाही. एकच बैल दाखवून ‘बिग’ म्हटलं तर लेकरानं काय समजावं? बैल? तांबडा? शिंगवाला? मोठेपणा दिसायला शेजारी लहान लागतोच. नेशन ज्या प्रयोगांचा आधार घेतात ते टिंकहॅम आणि वॉरिंग यांचे, १९९०च्या दशकातले. ते मोठ्या माणसांवर, बनावट शब्द पाठ करायला देऊन केलेले. ते जसंच्या तसं पहिलीच्या वर्गाला लावणं मला तरी मान्य नाही.

पाटीपेन्सिल
तुम्ही दोघंही चित्र गृहीत धरून भांडताय. जड-हलकं कागदावर कसं काढणार? हॉट-कोल्डला वाफेच्या तीन रेषा काढतात आणि लाल-निळा रंग देतात. मग लाल दप्तरही ‘हॉट’ होतं. त्यात आपल्याकडं ‘लाइट गेली’ रोज कानावर पडतं. हलक्या पिसाच्या कार्डाला ‘लाइट’ म्हटलं की लेकरं छताच्या बल्बकडं बघतात. अशा शब्दांना वस्तूच हातात द्या. एकसारख्या दोन पिशव्या घ्या, एकीत दोन किलो ज्वारी, दुसरीत कापूस, दोन्ही सारख्या फुगलेल्या. आकार वेगळा असला की जड म्हणजे मोठं असा घोळ होतो.

खडूफळा
बाई, जड-हलक्याचं सोळा आणे खरं, ते कार्डावर नकोच. गोदाकाठ, तुमचाही मुद्दा घेतो: चित्रं दोन, पण नवा शब्द एकच. फुल आधी घ्या, ‘टाकी फुल झाली’मुळं तो ओळखीचा आहे. फक्त आधी ‘फूल’शी होणारा गोंधळ मिटवा; कार्डावर नक्षीचीसुद्धा फुलं नकोत. मग भरलेला ग्लास दाखवा: ‘इज इट फुल? येस.’ रिकामा दाखवा: ‘नो, नॉट फुल.’ एम्टी पुढच्या आठवड्यात.

घागर मात्र काढू नका. भरलेली-रिकामी बाहेरून सारखीच, आणि पोट कापून आतलं पाणी दाखवलेलं चित्र या वयाला उमगत नाही. काचेचा ग्लास काढा, पाण्याची रेघ जाड.

गोदाकाठ
हे जमण्यासारखं आहे, पण ‘नॉट फुल’ म्हणजे रिकामा नव्हे. अर्धा ग्लासही नॉट फुलच. तुमच्या रीतीनं लेकरू पुढं अर्ध्यालाच एम्टी म्हणेल. म्हणून तिसरं कार्ड अर्ध्या ग्लासाचं हवं, आणि तेही पहिल्याच दिवशी. ओपन-शटला ही अडचण नाही, दार एक तर लागलेलं असतं नाही तर उघडं. फुल, टॉल, हॉट यांना मधल्या पायऱ्या असतात. टॉलचा त्रास तर वेगळाच: मराठीत माणूसही उंच, डोंगरही उंच, इंग्रजीत माणूस टॉल, डोंगर हाय. ओल्डचं उलटं. म्हातारा आणि जुना दोघांना ओल्ड, पण एकाची जोडी यंग, दुसऱ्याची न्यू. आजी आणि फाटकी चप्पल एका कार्डावर आली की संपलंच.

पाटीपेन्सिल
आणि विचारताना जागा बदला. बिग कायम डावीकडं ठेवलं तर लेकरं शब्द शिकत नाहीत, बाजू शिकतात. कार्डं पिसून द्या, अधूनमधून दोन्ही बैल मोठेच ठेवा.

गोदाकाठ
दोन्ही मोठे? मग कशाच्या तुलनेत मोठे, बाई?