इनलाइन सिक्स की व्ही-सिक्स? जागा असेल तर सिलिंडर एका रांगेतच हवेत

घोडबंदरकर :
सहा सिलिंडरचं इंजिन गाडीत लांबीच्या दिशेने बसणार असेल, तर ते एका रांगेतलंच, म्हणजे इनलाइन, असावं या मतावर मी ठाम आहे. व्ही-सिक्स, म्हणजे तीन-तीन सिलिंडर व्ही आकारात दोन बाजूंना, आलं ते जागेच्या अडचणीतून. अडचण नसताना ते का पत्करायचं?

इनलाइनमध्ये पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा असे पिस्टन जोडीने वर-खाली होतात. पुढचे तीन आणि मागचे तीन अगदी एकमेकांच्या उलट क्रमाने मांडलेले. त्यामुळे एकाचा झटका दुसरे खाऊन टाकतात. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) वेगाने येणारं कंपन जातं आणि त्याच्या दुप्पट वेगाने येणारंही. आपल्या नेहमीच्या चार सिलिंडरमध्ये हे दुसरं शिल्लक राहतं, म्हणून मोठ्या चार सिलिंडरला बॅलन्स शाफ्ट, म्हणजे कंपन मारणारे फिरते दांडे, लावावे लागतात.

व्ही-सिक्सची प्रत्येक बाजू म्हणजे तीन सिलिंडरचं इंजिन. तीन सिलिंडर पुढून उचलतं तेव्हा मागून दबतं, लगेच उलट. दोन बाजू जोडल्या तरी हे डोलणं पुरतं जात नाही.

मर्सिडीजचंच बघा. १९९७ मध्ये त्यांनी एका रांगेतलं सहा सोडून एम११२ हे व्ही-सिक्स आणलं. दोन बाजूंमधला कोन ९० अंश, कारण त्याच घराण्यातलं व्ही-एट ९० अंशांचं होतं आणि दोन्ही एकत्र बनवायची होती. तो कोन आठ सिलिंडरला मानवतो, सहाला नाही. मग मधल्या खाचेत बॅलन्स शाफ्ट घालणं आलं. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, एस-क्लासमध्ये एम२५६ आलं. पुन्हा एका रांगेतलं.

सीवूड्स :
असहमत. घोडबंदरकर, बॅलन्सचं गणित तुम्ही अचूक मांडलंत, पण गाडी फक्त त्या गणितावर चालत नाही.

पहिली गोष्ट क्रँकची. इनलाइन सिक्सचा क्रँक लांब असतो, सात बेअरिंगांवर बसलेला. लांब दांडा पिळतो. प्रत्येक स्फोटाबरोबर पुढचं टोक मागच्या टोकाच्या तुलनेत किंचित फिरतं, आणि ते आवरायला पुढे डॅम्पर, म्हणजे पिळाचं कंपन शोषणारं चाक, लागतो. व्ही-सिक्सचा क्रँक चार बेअरिंगांत संपतो, आखूड आणि ताठ.

दुसरी गोष्ट धडकेची. समोरून गाडी आदळली की बोनेटखालच्या भागाने चुरगळून धक्का शोषायचा असतो. तिथे लांबलचक लोखंडी ठोकळा असेल तर चुरगळायला उरतं काय? नव्वदच्या दशकात कंपन्या व्ही-सिक्सकडे वळल्या त्यात हे मोठं कारण होतं. आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिन आडवं बसतं. होंडा अकॉर्डमध्ये एका रांगेतले सहा सिलिंडर बसवून दाखवा.

मुळात १९५० मध्ये लान्चियाने ऑरेलियासाठी व्ही-सिक्स केलं, ते पहिलं नियमित उत्पादनातलं. ती मागची चाकं ओढणारी, उत्तम चालणारी गाडी होती. तिथे कुणी नाइलाजाने व्ही-सिक्स घातलं नव्हतं.

वागळे_इस्टेट_मिस्त्री :
दोघंही कागदावर बोलताय, मी हाताला काय लागतं ते सांगतो.

आडव्या व्ही-सिक्सला तीन प्लग तोंडासमोर, उरलेले तीन पार मागे फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे. त्यांच्यावर इंजिनात हवा नेणारं इनटेक मॅनिफोल्ड आडवं येतं. बऱ्याच गाड्यांत प्लग बदलायला आधी मॅनिफोल्ड उतरवायचं, त्याची गॅस्केट नवी घ्यायची, मग मागे हात घालून अंदाजाने पाना फिरवायचा. एका रांगेतल्या इंजिनाला वरचं कव्हर काढलं की प्लगवरच्या सहाही कॉइल समोर. हेड (सिलिंडरवरचं झाकण) एक, हेड गॅस्केट एक, व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट दोन. व्ही-सिक्सला हेड दोन, आणि डबल कॅमचं असेल तर कॅमशाफ्ट चार. गिऱ्हाईक बिल बघून विचारतं, एवढं का? एवढं यामुळे.

आणि सीवूड्स साहेब, जेएनपीटीवरून येऊन मुंब्रा बायपास चढणारे ट्रेलर आठवा. अवजड ट्रकला सहा सिलिंडर म्हटलं की एका रांगेतच. टाटाचं ६९७ इंजिन म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. ते उघडून बांधणारा मिस्त्री हायवेवर कुठेही मिळतो.

सीवूड्स :
मिस्त्री, प्लगचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ट्रकचा नाही. ट्रकला केबिनच्या खाली हवी तेवढी लांबी आहे, तिथे व्ही करायचं कारणच नाही. मी कारबद्दल बोलतोय.

कार म्हणाल तर फेरारीने २९६ जीटीबीला १२० अंशांचं व्ही-सिक्स दिलं. इंजिन पसरट, वजन जमिनीलगत, दोन्ही टर्बो (हवा दाबून भरणारे पंखे) मधल्या खाचेत. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून १.६ लिटरचं व्ही-सिक्सच आहे. ड्रायव्हरच्या पाठीमागे इंजिन ठेवायचं तर लांबी ही शिक्षा ठरते.

ऐरोली_सेक्टर_आठ :
मला एक विचारायचंय. टोयोटाचं काय? लँड क्रूझरला पूर्वी एका रांगेतली सहा सिलिंडरची डिझेल होती, आता ३०० मालिकेत ३.३ लिटरचं व्ही-सिक्स डिझेल आहे. वाळवंटात मोडणार नाही अशी गाडी करणारी कंपनी व्ही-सिक्स निवडते, याचा अर्थ टिकाऊपणात ते कमी नाही. की मी चुकीचा अर्थ लावतेय?

घोडबंदरकर :
ताई, अर्थ बरोबर आहे. टिकाऊपणा आखणी आणि मालमसाल्यावर ठरतो, सिलिंडरच्या मांडणीवर नाही. पण त्याच टोयोटाने २०१९ ची सुप्रा काढताना बीएमडब्ल्यूचं बी५८ घेतलं, एका रांगेतलं तीन लिटर. जुन्या सुप्रातलं २जेझेडही तसंच होतं. गाडी चालवण्याच्या आनंदासाठी असेल तेव्हा निवड कुठे जाते ते बघा.

सीवूड्स, तुमच्या दोन्ही उदाहरणांत इंजिन ड्रायव्हरच्या मागे आहे. मी पहिल्याच ओळीत अट घातली होती, जागा असेल तर. फेरारीत ती नाही, अकॉर्डमध्ये नाही. निसानने मात्र इंजिन पुढे लांबीतच ठेवून एका रांगेतल्या आरबी२६ ऐवजी जीटी-आरला व्ही-सिक्स दिलं, ते उदाहरण तुम्ही द्यायला हवं होतं. त्यातही आखूड इंजिन मागे सरकवून वजन विभागता येतं हे कारण मला पटतं. आवाज आणि मऊपणा मात्र त्या बदल्यात गेला.

सीवूड्स :
मग इनलाइन परत का आलं तेही सांगा. बीएमडब्ल्यूची नवी तीन, चार आणि सहा सिलिंडरची इंजिनं अर्ध्या लिटरच्या सिलिंडरवर बेतलेली आहेत, बरेच भाग सामाईक. टर्बो आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एकाच बाजूला इंजिनाला चिकटून बसतात, त्यामुळे गार इंजिन सुरू होताच कन्व्हर्टर लवकर तापतो आणि धुराचे नियम पाळता येतात. एम२५६ मध्ये एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप ४८ व्होल्टच्या विजेवर टाकून पुढचे पट्टेच काढले, लांबी तिथे वाचली. हे सगळं खर्चाचं आणि नियमांचं राजकारण. मऊपणा त्यात फुकट मिळालाय.

घोडबंदरकर :
फुकट मिळाला हे तुम्हीच लिहिलंत. व्ही-सिक्समध्ये त्यासाठी वेगळा शाफ्ट घालून पैसे मोजावे लागतात, आणि माझं म्हणणं एवढंच आहे.

ऐरोली_सेक्टर_आठ :
आमच्या घरात जुनी, एका रांगेतल्या सहा सिलिंडरची पेट्रोल सेडान घ्यायचं घाटतंय. मिस्त्री, बघायला जाताना काय बघू?

वागळे_इस्टेट_मिस्त्री :
इंजिन पूर्ण गार असताना जा. मालकाला सांगून ठेवा, आधी सुरू करू नका. सुरू केल्यावर पुढून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी खडखडते का ऐका. आयडलवर स्टिअरिंग थरथरत असेल तर हे इंजिन आजारी आहे किंवा ज्यावर ते बसतं ते रबरी माउंटिंग गेलंय, कारण निरोगी असेल तर ते थरथरतच नाही. मग माजिवड्यापासून गायमुखपर्यंत भर ट्रॅफिकमध्ये एसी लावून न्या. आपल्याकडे या गाड्या तिथेच तापतात, प्लास्टिकच्या कूलंट नळ्या उष्णतेने ठिसूळ होतात. कूलंटचा पंप, थर्मोस्टॅट, नळ्या बदलल्याची बिलं मागा. नसतील तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.