बोलण्यातला उपरोध ऐकणाऱ्याला नेमका कशावरून कळतो?

पाठशाळा:
अमराठी प्रौढांसाठी बोली मराठीचे धडे तयार करते आहे. व्याकरण जमतं, शब्दही येतात; पण तासभर उशिरा आलेल्याला म्हटलेलं "वा, काय वेळेवर आलास!" हे त्यांना शाबासकीच वाटतं. ऐकणारा उपरोध ओळखतो तो सुरावरून, शब्दांवरून की प्रसंगावरून? आणि सरावासाठी ध्वनिमुद्रणं कशी करावीत?

लक्षणा:
आधी प्रसंग. घड्याळ एक सांगतं आणि वाक्य दुसरं, तिथून सगळं सुरू होतं. भाषेचा तत्त्वज्ञ पॉल ग्राइसने १९७५ साली हे असं मांडलं: बोलणारा उघडउघड खरं नसलेलं बोलतोय, तरी संवाद मोडत नाहीये, मग त्याला वेगळंच काही म्हणायचं असणार. खोटं बोलणारा विसंगती लपवतो, उपरोध करणाऱ्याला ती दिसायला हवी असते. म्हणून ऐकणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक लागतात: खरं काय आहे, आणि ते बोलणाऱ्यालाही माहीत आहे. दुसरी निसटली की ऐकणाऱ्याला वाटतं, हा चुकतोय किंवा थाप मारतोय. मुलांना साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास हे उमगायला लागतं; त्यातली गंमत कळायला आणखी वेळ जातो.

पण "अर्थ उलटा करा" एवढंच शिकवू नका. स्पर्बर आणि विल्सन या अभ्यासकांनी १९८१ मध्ये दाखवलं की उपरोधात कुणाचं तरी बोलणं किंवा अपेक्षा परत ऐकवलेली असते, नापसंतीसह. "वेळेवर येतो" हा त्याचाच शब्द, तो त्यालाच परत. म्हणूनच फजितीनंतर "काय हुशार आहेस!" लगेच कळतं, कारण हुशारीने वागावं ही अपेक्षा नेहमीचीच असते. चांगल्या कामाला "किती वाईट केलंस!" म्हटलं तर मात्र ऐकणारा गोंधळतो, आधी कुणी "माझं वाईटच होणार" म्हटलेलं असेल तरच ते पोचतं. मराठीत तर यासाठी हाताशी शब्दच आहे: "म्हणे". "दहा मिनिटांत पोचतो म्हणे!" इथे दुसऱ्याचं बोलणं आणि त्यावरचा अविश्वास एकाच शब्दात येतो. मात्र बातमी सांगतानाही आपण "म्हणे" वापरतो ("ते गाव सोडून गेले म्हणे"), तेव्हा दोन्ही वापर शेजारी ठेवूनच शिकवा.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार रुद्रटाने नवव्या शतकात सुरावर चालणारी काकुवक्रोक्ती (वाकडं बोलणं) शब्दांच्या दुहेरी अर्थावर चालणाऱ्या श्लेषवक्रोक्तीपासून वेगळी काढली. अपकार करणाऱ्यालाच "फार उपकार केलेत, असंच वागत शंभर वर्षं सुखात राहा" म्हणणारा श्लोक पुढे मम्मट या काव्यशास्त्रकाराने वाच्यार्थ (शब्दांचा सरळ अर्थ) पूर्ण बाजूला पडल्याचं उदाहरण म्हणून दिला. तो नुसता वाचतानाही कळतो, म्हणजे सूर नसतानाही काम होतं.

स्वनिम:
सहमत, आणि सुराबद्दल एक सावधगिरी. उपरोधाचा असा एकच ठरलेला सूर नाही. चीआंग आणि पेल या संशोधकांच्या मोजमापांत इंग्रजीत उपरोध करताना आवाजाची सरासरी पट्टी (आवाजाचा उंच-खालीपणा) खाली आली (२००८), तर कँटोनीजमध्ये ती वर गेली (२००९). तेव्हा इंग्रजीवरचे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. ऐकणारा टिपतो तो फरक: याच माणसाच्या एरवीच्या बोलण्यापेक्षा हे वाक्य वेगळं आलं. कधी संथ, कधी सपाट, कधी ताणलेलं. अनोळखी माणसाचा उपरोध हुकतो त्याचं हे एक कारण, कारण त्याची "एरवीची" पट्टी कानात बसलेली नसते.

पाठशाळा:
मग सूर शिकवूच नये का? आणि शब्दांच्या खुणा कोणत्या?

बोलीभान:
शिकवा, पण खुणांबरोबर. मराठीत तीन खुणा भरवशाच्या वाटतात. पहिली, द्वित्त (दुप्पट केलेलं व्यंजन) आणि लांबवलेला स्वर: "कित्ती छान", "व्वा". दुसरी, नेहमी "तू" म्हणणाऱ्याने अचानक "या महाराज, बसा" म्हणणं. आदरार्थी रूप नात्याला विसंगत झालं की कान टवकारतात. तिसरी, "मोठा आला शहाणा" मधला "मोठा आला". पहिल्या दोन खुणा खऱ्या कौतुकात किंवा लाडातही येतात, म्हणून प्रसंग तपासायची सवय हवीच.

"काय दिवे लावलेस परीक्षेत!", "उजेड पाडलास", मुलांचे "प्रताप" हे मात्र वेगळ्या यादीत टाका. इथे उलटा अर्थ रुळून गेलाय, तो शब्दाबरोबरच मनात येतो. भाषाशास्त्रज्ञ रेचेल गिओरा यांचं म्हणणं हेच: जो अर्थ सवयीचा, तो आधी हाताला लागतो. हे वाक्प्रचार म्हणूनच पाठ करून घ्या, त्यांत तर्क लढवायला लावू नका.

स्वनिम:
ध्वनिमुद्रणासाठी: आठ-दहा छोटी वाक्यं घ्या ("छान केलंस", "मस्तच", "लवकर आलास"). प्रत्येक वाक्य एकाच व्यक्तीकडून दोन प्रसंगांत बोलून घ्या, एकदा मनापासून, एकदा उपरोधाने. "उपरोधाने बोला" अशी सूचना देऊ नका. त्याने नाटकी, अति ताणलेला सूर येतो आणि विद्यार्थी तोच शोधत बसतात. प्रसंग सांगा, समोर माणूस बसवा. मग विद्यार्थ्यांना आधी नुसता आवाज ऐकवा, नंतर आधीच्या दोन वाक्यांसह. दोन्ही वेळची उत्तरं लिहून घ्या. ज्या वाक्याचं उत्तर बदलतं ते प्रसंगावर चालणारं.

पट्टी मोजायची तर प्राट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पुरुषांच्या आवाजाला ७५ ते ३००, स्त्रियांच्या आवाजाला १०० ते ५०० हर्ट्झ अशी मर्यादा ठेवा, नाहीतर पडद्यावरची पट्टीची रेषा मध्येच दुप्पट किंवा निम्मी दिसते. तुलना एकाच व्यक्तीच्या दोन वाक्यांत करा.

फोनवरचा सरावही घ्या. जुन्या टेलिफोन पट्ट्यात ३०० ते ३४०० हर्ट्झच जातात, म्हणजे आवाजाचा मूळ स्वर बहुधा कापला जातो; तरी त्याच्या पटीत येणाऱ्या वरच्या स्वरांवरून कान पट्टी ओळखतो. फोनवर हरवतो तो चेहरा: उचललेली भुवई, रोखलेली नजर. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं श्रवणयंत्र) वापरणारा कुणी वर्गात असेल तर उलट परिस्थिती असते. त्यांना पट्टीतले बारीक चढउतार नीट मिळत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी चेहरा दिसणारं चित्रीकरणच ठेवा.