लांबी यंत्राने कळते, तर मधला एक्स-रे कशाला?

वरची डावी दाढ (धागाकर्ता)
परवा रूट कॅनॉल करून घेतलं. डॉक्टरांनी तीनदा आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे) काढला: आधी, मधे फाइल (मूळ साफ करायची बारीक सुई) आत ठेवून आणि भरून झाल्यावर. मधल्या वेळी तो ताठ सेन्सर टाळूला रुतला, उमासे येऊन डोळ्यांतून पाणी आलं, मी हललो म्हणून परत काढला. बरं, मुळाची लांबी आधीच कळली होती! एपेक्स लोकेटर म्हणून छोटं यंत्र असतं. त्याचा हुक ओठात अडकवतात, चिमटा फाइलला. मुळाच्या टोकाशी पोचलं की पीप-पीप. मधला फोटो बंद करा, असं माझं स्पष्ट मत.

तीस वर्षं खुर्चीशेजारी
साफ असहमत. यंत्र लांबी मोजत नाही, विजेचा अडथळा मोजतं आणि त्यावरून टोक ओळखतं. फाइल दातात भरलेल्या जुन्या चांदीला टेकली किंवा लाळ शिरली की फसतं. माझ्याकडे एकदा १४ मिमीवरच ओरडलं; दाढ निघाली २० ची. फोटो नसता तर उरलेलं ६ मिमी तसंच कुजत राहिलं असतं. शिवाय फाइल कुठल्या मुळात आहे, मूळ किती वाकडं, हे पीप-पीप सांगतं का?

फक्त एन्डो
सर, चांदी आधी काढायची, वरचा खड्डा कोरडा करायचा, मग मोजायचं. त्यात यंत्राचा काय दोष? फोटो म्हणजे शेवटी सावली. कटलरने १९५५ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की मुळाचं छिद्र, जिथून नस आत शिरते ते, बहुतेक वेळा शेंड्यावर नसतं, बाजूला सरकलेलं असतं. फोटोत शेंडा दिसतो, छिद्र नाही. म्हणजे फाइल 'आत' दिसते आणि प्रत्यक्षात बाहेर गेलेली असू शकते. त्यातून वरची दाढ! टाळूकडचं मूळ टोकाशी बऱ्याचदा गालाकडे वळतं. ते वळण आपल्याच रोखाने येतं, म्हणून फोटोत सरळ दिसतं. वर गालाच्या हाडाची सावली पडली की शेंडाही गायब.

तीस वर्षं खुर्चीशेजारी
म्हणूनच एक्स-रेची नळी तिरकी करून दुसरा काढतो. आणि उद्या पेशंट ग्राहक आयोगात गेला तर तिथे पीप-पीप ऐकवणार का?

फक्त एन्डो
त्यासाठी भरल्यानंतरचा फोटो आहेच. तो मीही सोडत नाही. पण मधला? आकडा दोनदा तोच आला तर नाही काढत. आकडा नाचायला लागला, तर काढतो.

कट्ट्यावरचा
मग थेट सीबीसीटीच काढा की, थ्रीडी स्कॅन!

फक्त एन्डो
नुसत्या लांबीसाठी? किरणांचा डोस साध्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त, आणि धातूची कॅप असली की चित्रभर रेघोट्या. दुसऱ्या कारणासाठी आधीच काढलेला असेल तर त्यावरून अंदाज घेतो, बस.

वरची डावी दाढ
म्हणजे माझा मधला फोटो टळला असता की नाही?

तीस वर्षं खुर्चीशेजारी
माझ्याकडे नसता टळला. पुढच्या वेळी जिभेच्या शेंड्यावर चिमूटभर मीठ मागा आणि नाकाने श्वास घ्या. उमासे बरेच कमी होतात.