आई म्हापशात एकटी राहते, पाणी-कचरा-घरपट्टीच्या सूचना तिला वेळेवर कशा कळतील?

दत्तवाडीचा_झिल
नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होणार आहे, पण वाचा. मी वेर्ण्याला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी, राहायला मडगावात. आई ७१ वर्षांची, म्हापशात दत्तवाडीला आमच्या जुन्या घरात एकटीच असते. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. आई तशी खमकी आहे, शुक्रवारचा बाजार अजून स्वतः करते. मडगावला चल म्हटलं की तुळशीला दिवा कोण लावणार म्हणते, त्यामुळे तिला हलवायचा सल्ला कृपा करून देऊ नका, तो विषय आमच्या घरात संपलाय.

अडचण आहे ती सूचनांची. बाबा रोज सकाळी पोदेराकडून उंडे घेऊन पायरीवर बसायचे आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, कुठे पाणी बंद, कुठे लाइट जाणार ते पेनाने गोल करून ठेवायचे आणि तिथूनच आत ओरडायचे, अगो टाकी भरून घे. ते गेले आणि आईने पेपर बंद केला, आता कोण वाचणार म्हणाली. गेल्या आठवड्यात दुरुस्तीसाठी दोन दिवस पाणी नव्हतं. यात खात्याची चूक नाही, नोटीस आदल्या दिवशी रीतसर पेपरात आली होती, मोबाईलवरही फिरत होती, पण मी नाईटला होतो आणि आईकडे साधा बटणांचा फोन. शनिवारी घरी पोचलो तर शेजारून आणलेल्या एका कळशीवर तिने दोन दिवस काढले होते, भांडी मागच्या दारी राखेने घासून पालथी घातलेली. फोन का केला नाहीस विचारलं तर ड्युटीवर तुला कशाला त्रास म्हणाली. मला रात्रभर झोप आली नाही.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी कळली. कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात वर्षभराची पाकिटं तशीच बंद. घरपट्टीचं बिल, बँकेचं काहीतरी, बाकी काय काय देव जाणे. बहुतेक सगळी बाबांच्या नावाची. त्यांच्या नावाचं पाकीट मी कसं फोडू, असं म्हणाली. मी पुढे काही बोललोच नाही.

तर पहिलं म्हणजे सूचना तिच्यापर्यंत पोचायला काय करावं आणि दुसरं, घरपट्टी आईच्या नावावर करायची तर सुरुवात कुठून करायची. कुणी केलं असेल तर सांगा.

खोर्लीकर
भाऊ, वाचून वाईट वाटलं. पहिली गोष्ट, पेपर उद्यापासून परत लावा. आपल्या मराठी पेपरांत पाण्याची आणि विजेची नोटीस आतल्या पानावर बारीक अक्षरात का होईना पण येते, गोव्यात अजून तोच सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, निदान त्यांच्या वयाच्या माणसांना तरी.

आणि कुठलं काम कोणाचं हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा. आपल्याकडे पाणी गेलं की नगरसेवक, लाइट गेली की नगरसेवक. गोव्यात पाणी आणि वीज पालिकेकडे नाहीतच, दोन्ही सरकारी खाती आहेत, त्यांची तक्रार त्यांच्याच कचेरीत. पालिकेकडे कचरा, गटारं, बाजार, घरपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, बांधकामाचे परवाने. नगरसेवक चांगला असेल तर पुढे फोन लावून देतो पण नळ सोडणं त्याच्या हातात नसतं आणि त्याला फोन करण्यात आपला अर्धा दिवस जातो.

पाण्याचं अजून एक सांगतो. म्हापशाला पाणी येतं अस्नोड्याच्या प्रकल्पातून, आणि अस्नोड्याला कच्चं पाणी येतं तिळारीच्या कालव्यातून. तिळारीचं धरण दोडामार्गात. म्हणून कालव्याला भगदाड पडलं अशी बातमी दिसली की ती सिंधुदुर्गाची बातमी म्हणून पुढे सरकू नका, ती आपल्या नळाची बातमी आहे. तेव्हा आमठाण्याच्या धरणातून पाणी उचलून वेळ मारून नेतात पण नळ बारीक होतोच. आमच्या घरी कालवा हा शब्द कानावर पडला की बायको आधी टाकीचा कॉक बघायला जाते. पंपिंगलाही वीज लागते, त्यामुळे अस्नोड्याच्या बाजूला वीज दुरुस्तीची नोटीस असेल तरी टाकी भरून ठेवायची. चवथीच्या आधीचा आठवडा तर नोटीस असो नसो भरून ठेवाच, सगळी माणसं घरी येतात, सगळीकडे धुणी-सारवणी चालू असतात.

टाकी केवढी आहे तुमच्याकडे? एकट्या माणसाला ५०० लिटर चार दिवस आरामात पुरतं.

अन्साभाट_२२
वॉर्डचा व्हॉट्सअप ग्रुप असतो, बहुतेक नगरसेवकांनी काढलाय. म्हापशात २० वॉर्ड आहेत, तुमचा नंबर माहीत नसेल तर मतदार यादीवरून कळेल. तुम्ही स्वतः ग्रुपमध्ये या आणि आईला फोनवर सांगा. पाच मिनिटांचं काम.

मये_तळ्याकाठी
ग्रुपमध्ये जरूर या पण तारीख बघितल्याशिवाय आईला काही सांगू नका हां. आमच्या ग्रुपवर एप्रिलमध्ये तीन दिवस पाणी नाही म्हणून नोटीस फिरली, सही-शिक्क्यासकट, सासूबाईंनी घरातलं एकूण एक पातेलं भरलं, आंघोळीची बादलीसुद्धा सोडली नाही, आणि ती नोटीस निघाली आदल्या वर्षीची. तेव्हापासून मी नोटिशीचा फोटो मोठा करून वरच्या कोपऱ्यातली तारीख आणि खाली सही कुठल्या सबडिव्हिजनच्या इंजिनियरची ते बघते, मगच पुढे पाठवते. पेडण्याची नोटीस बार्देशात आणि बार्देशची डिचोलीत फिरत असते.

आणि भाऊ, तुम्ही नाईटला असताना तो ग्रुप कोण बघणार? तुमचा त्रास तोच होता ना. शेजारचं एखादं कॉलेजचं मूल बघा, ज्याच्या मोबाईलवर ते येतंच, त्याला सांगून ठेवा की पाण्याचं काही आलं तर येता जाता माईंना हाक मार. आमच्याकडे शेजारची मुलगी ट्युशनला जाताना गेटवरून सांगून जाते. सासूबाई तिच्यासाठी नेवऱ्या ठेवतात.

तिसवाडीकर
शेजाऱ्यांबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपारला रस्ता खचून ओपाच्या पाणी प्रकल्पातून येणारी पाईपलाईन फुटली तेव्हा पणजी आणि सगळी तिसवाडी दिवसचे दिवस कोरडी होती. वर पाऊस कोसळतोय आणि नळाला थेंब नाही. माझी आजी आमच्या तिकडच्या घरात होती. तेव्हा टँकरची वाट बघत बसलो नाही, वाड्यावरच्या एका घराची विहीर वर्षानुवर्षं बंद होती, तिचं झाकण काढलं, गाळ उपसला, ब्लिचिंग टाकलं आणि सातआठ घरांनी तेच पाणी वापरायला घेतलं. दोरी आमच्या घरची होती, अजून ती ठेवलीय.

तुमच्या जुन्या घराच्या मागे विहीर असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेल्यावर एकदा साफ करून घ्या. प्यायला नको, पण भांडी-कपड्यांना माईंना कुणाकडे कळशी मागावी लागणार नाही.

निवृत्त_मामलेदार_कचेरी
बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच मामलेदार कचेरीत, त्यामुळे ही गफलत रोज बघितली आहे.

आधी घरपट्टी भरून टाक. बिलावर नाव बाबांचं असलं तरी भरायला कोणी अडवत नाही, पावती त्यांच्याच नावाची निघेल, निघू दे. थकबाकी ठेवून नावबदलाचा अर्ज केलास तर पहिल्याच खिडकीवरून परत येशील.

मग हे नीट समजून घे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. लोक पावतीवर नाव चढवतात, घर झालं आपलं म्हणून निर्धास्त बसतात, आणि पंधरा वर्षांनी घर दुरुस्तीला कर्ज काढायला गेलं की कळतं कागद अजून आजोबांच्याच नावावर आहे. खेड्यात जमिनीचा एक-चौदाचा उतारा बघतो तसं म्हापशासारख्या शहरात सिटी सर्व्हेचा फॉर्म डी बघायचा, त्यावर चलता नंबर (सिटी सर्व्हेत जागेला दिलेला नंबर) आणि पीटी शीटचा, म्हणजे नकाशाच्या पानाचा, नंबर असतो. तो उतारा आधी काढ आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. बाबांचं असेल असं धरून चालू नकोस.

आता गोव्याचं वेगळं काय ते. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, म्हणजे अर्धं घर तुझ्या आईचं स्वतःचं आहे, बाबांच्या मागे मिळालेलं नव्हे, पहिल्यापासूनचं. हे तिला जरूर सांग, बायकांना हे माहीतच नसतं, माझ्यासमोर खुर्चीवर बसून कितीतरी जणींनी डोळे पुसलेत हे ऐकून. वारशाचा प्रश्न फक्त उरलेल्या अर्ध्याचा, आणि तो तुम्हा मुलांकडे येतो. त्यासाठी सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त, करायचं, ते सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतल्या नोटरीकडे, कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसतात त्या नोटरीकडे नाही. २०१२ चा वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे, २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झाला, सगळं त्याप्रमाणे चालतं. भावंडांमध्ये एकमत असेल तर काम सरळ आहे. नसेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणी, आणि मग वेळ लागतो.

लग्न झालेल्या मुलांच्या बायकोची किंवा नवऱ्याचीही सही लागते हे विसरू नकोस, त्यांचाही सामायिकीत हिस्सा असतो. मृत्यूच्या दाखल्याच्या चारपाच प्रती काढून ठेव, प्रत्येक खिडकीवर एक मागतात. मला स्वतःला एका कचेरीत (नाव नको) माझ्या यजमानांच्या वेळी एकाच दाखल्यासाठी चार फेऱ्या घालायला लावल्या होत्या, प्रत्येक वेळी नवा कागद सांगायचे. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, काय काय कागद हवेत ते पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून लेखी घे.

अन्साभाट_२२
माईंना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची पेन्शन मिळते का? महिन्याला २००० रुपये, ६० च्या वरच्यांना, उत्पन्नाची अट आहे आणि गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. मिळत असेल तर त्या डब्यात हयातीच्या दाखल्याचं पत्रही असू शकतं, तो दरवर्षी दिला नाही तर पैसे थांबतात. डबा आधी उघडा.

साळगाव_वाट
कचऱ्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. बाबांची औषधं घरात राहिली असतील, गोळ्यांच्या पट्ट्या, इंजेक्शनच्या सुया, असं काही. आमच्याकडे सासऱ्यांच्या मागे ड्रॉवर भरून होतं. ते ओल्यात टाकू नका आणि सुक्यातही टाकू नका. नियमांप्रमाणे सुया आणि मुदत संपलेली औषधं ओल्या-सुक्यापासून वेगळी ठेवायची, बांधून वर लिहून द्यायची. सुका कचरा माणसं हातांनी निवडतात हो, पिशवीतली सुई त्यांच्या बोटाला लागते. ओला तेवढा स्वच्छ दिला तर साळगावच्या प्रकल्पात त्याचा गॅस होतो आणि त्यावर वीज बनते, त्यात प्लास्टिक गेलं की सगळं परत उपसत बसावं लागतं.

माईंना तीन बादल्या तीन रंगांच्या आणून द्या. आमच्या आईला रंग लगेच लक्षात राहिले, अक्षरं वाचायला लागली नाहीत.

दत्तवाडीचा_झिल
सगळ्यांना देव बरें करूं. उशिरा लिहितोय, मधे शिफ्ट बदलली.

पेपर सोमवारपासून सुरू केला. समोरच्या घरातला मुलगा बारावीला आहे, त्याला सांगून ठेवलंय, तो म्हणाला अरे दादा आधी सांगायचं ना. विहीर आहे मागे, माडाचे चुडते पडून भरलीय, मेमध्ये माणूस लावून साफ करतो. औषधांची पिशवी निघाली, सुया होत्या, वेगळी बांधून कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाच्या हातात दिली आणि आत काय आहे ते सांगितलं.

रविवारी डबा उघडला. मी फोडायला घेतलं तर आई म्हणाली दे इकडे. देव्हाऱ्यातली कात्री आणली, वात कापायची छोटी, आणि एकेक पाकीट कडेने सरळ कापलं, एकही फाटू दिलं नाही. घरपट्टीची दोन बिलं, हयातीच्या दाखल्याचं आईच्या नावाचं एक पत्र (अन्साभाट_२२, तुमचे खास आभार, मुदत अजून बाकी आहे), आणि बाबांनी वर्गणी भरलेल्या वाचनालयाचं कार्ड. मामलेदार कचेरीतल्या माई, तुम्ही सांगितलेलं अर्ध्या घराचं आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून चहा ठेवला. मग स्वयंपाकघरातून विचारलं, पहिल्यापासून म्हणजे लग्नाच्या दिवसापासून काय रे?

घरपट्टी बुधवारी भरली, फॉर्म डी साठी सोमवारची रजा टाकलीय. आता मामलेदार कचेरीतल्या माईंना एक प्रश्न. आम्ही दोघंच भावंडं, बहिणीची काही तक्रार नाही, पण भावजी दुबईला आहेत, चवथीशिवाय येत नाहीत. त्यांची सही कशी करायची?

निवृत्त_मामलेदार_कचेरी
लग्नाच्या दिवसापासून, हो. सांग तिला.

भावजींनी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन बहिणीच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी करायची, दूतावासाचा शिक्का हवा. कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरून घ्यायची, नाहीतर दंड बसतो. मसुदा आधी इथल्या वकिलाकडून लिहून घे आणि मग तिकडे पाठव, त्यात घराचा चलता नंबर घातलेला हवा. म्हणून आधी सोमवारी फॉर्म डी काढ, मग बाकीचं.