रेडियल वाढवले आणि एसडब्ल्यूआर बिघडला?

खाडीकाठ: हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी जमिनीवर उभा क्वार्टर वेव्ह व्हर्टिकल (पाव तरंगलांबीचा उभा अँटेना) आहे. १० मीटर ॲल्युमिनियम पाइप, ७.१ मेगाहर्ट्झला रेझोनन्स. रत्नागिरीजवळची जांभ्याची जमीन. चार रेडियल (पायथ्यापासून चारी बाजूंना पसरलेल्या तारा) होते तेव्हा एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळतो त्याचा आकडा, १.० म्हणजे अचूक) १.१ होता, आणखी बारा टाकले तर १.२५. जास्तीचे काढून खोल अर्थ रॉड ठोकू का?

सातमेगा: अजिबात काढू नका, अँटेना सुधारलाय! अशा पाइपचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी होऊन हवेत जाणाऱ्या पॉवरचा वाटा) साधारण ३६ ओहम. जमिनीतला लॉस त्यात मिळवला की फीडपॉइंटचा (केबल अँटेनाला जोडतात तिथला) आकडा येतो. आधी बहुधा ५५ ओहम होते, म्हणजे १९ मातीत आणि १०० वॅटमधले ६५च हवेत. आता ४० असतील तर ९० वॅट. एसडब्ल्यूआर केबलच्या ५० ओहमशी तुलना करून येतो, म्हणून तो १.१ मातीच्या कृपेने येत होता. डमी लोडचाही (सगळी पॉवर उष्णतेत घालवणाऱ्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर १.० असतोच की.

पण १.२५ म्हणजे ४० ओहम की ६२, हे मीटर सांगत नाही. अँटेना ॲनालायझर थेट फीडपॉइंटला लावा आणि X (रिॲक्टन्स) शून्य असेल तिथला R (रेझिस्टन्स) बघा. खोलीतूनच मोजायचं तर आरजी-२१३ केबल अर्ध्या वेव्हलेंग्थची, १३.९ मीटर हवी. नाहीतर केबलच आकडा फिरवते.

तारतम्य: रॉड विजेसाठी लागतो, तो राहू द्या. पण आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) करंट पाइपभोवतीच्या मातीतून चारी बाजूंनी परत येतो, एका जागी ठोकलेला रॉड तो गोळा करत नाही. जांभ्यात तर नाहीच.

जमिनीवरच्या रेडियलची लांबी काटेकोर नको, माती त्यांना डीट्यून करतेच (त्यांची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी सरकवते). मोजक्या लांब तारांपेक्षा भरपूर आखूड बऱ्या. १ चौ. मिमी वायरच्या ९० मीटर बंडलात साडेपाच मीटरचे सोळा तुकडे बसतात. चार-चार जोडत R लिहून ठेवा, तो उतरायचा थांबला की पुरे. (गच्चीवर हिशेब वेगळा. तिथे दोन-चारच पुरतात, पण प्रत्येक कापून ट्यून करावा लागतो.)

खाडीकाठ: फीडपॉइंटला R ४१ आला. आता जोड डाख देऊन पुरू?

सातमेगा: पुरू नका, ओल्या मातीत डाख खाल्ला जातो. सगळ्या तारांना लग (टोकाला बसवायची धातूची कडी) लावून जमिनीच्या वर एका स्टेनलेस प्लेटवर बोल्टने आवळा. तांब्याचा लग ॲल्युमिनियमवर थेट नको, खाऱ्या हवेत तो जोड आधी जातो. मध्ये स्टेनलेस वॉशर घाला. फीडपॉइंटला चोकही (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा) हवा, नाहीतर कोॲक्स केबलची बाहेरची जाळी सतरावा रेडियल होते. पावसाळ्यात R थोडा हलेल, तेव्हा पाइप कापायला धावू नका.