शब्दचर्चा : ग्रेल, नाइट आणि ‘क्वेस्ट’

एका विज्ञानलेखाचं भाषांतर तपासताना ‘ऊर्जाक्षेत्रातला पवित्र पेला’ असं वाचलं आणि अडखळले. मुळात ‘होली ग्रेल’ असणार, म्हणजे आर्थर राजाच्या गोष्टींतलं, सगळे ज्याच्या शोधात निघतात ते पवित्र पात्र. लेखात मी ‘अंतिम ध्येय’ करून टाकलं. पण आता आर्थर राजाच्या गोष्टी मुलीसाठी मराठीत लिहायला घेतल्यात आणि तिथे अशी पळवाट नाही. नाइटला (राजाचा चिलखतधारी घोडेस्वार योद्धा) ‘सरदार’, शिव्हलरीला (नाइटने पाळायची आचारनीती) ‘स्त्रीदाक्षिण्य’, क्वेस्टला (नाइटची शोधमोहीम) ‘शोध’ हे चालेल का?

प्रतिसाद १

‘सरदार’ नको. त्यात हुद्दा आहे, घोडा नाही. फ्रेंच ‘शेव्हालिए’ हा शब्द घोड्यावरूनच आला आहे. (बुद्धिबळातल्या नाइटला आपण थेट ‘घोडा’ म्हणतो, ते किती नेमकं!) माझं मत ‘शिलेदार’ला. घोडा आणि हत्यार स्वतःचं असेल तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसेल तो बारगीर. नाइटही घोडा-चिलखत बहुधा स्वतःच बाळगून असे.

इंग्रजी ‘नाइट’चं मूळ मात्र वेगळं आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पोरगा, नोकर. जर्मनमधला त्याचा भाऊ ‘क्नेश्त’ अजूनही चाकरच आहे. आपला ‘गडी’ आठवा. शेतावर गडी ठेवतात आणि ‘गडी एकटा झुंजला’ असंही म्हणतात.

‘स्त्रीदाक्षिण्य’ अपुरं आहे. शिव्हलरीत दिलेला शब्द पाळणं, शरण आलेल्याला जीवदान देणं हेही येतं. नुसतं ‘दाक्षिण्य’ही सौम्य वाटतं. मी ‘शिलेदारी बाणा’ म्हणेन.

प्रतिसाद २

मला ग्रेल आणि क्वेस्टबद्दल बोलायचंय.

ग्रेल मुळात पेला नव्हेच. १२ व्या शतकाच्या अखेरीस क्रेतिएँ द त्र्वा या फ्रेंच कवीने ही गोष्ट पहिल्यांदा लिहिली, आणि अपुरीच सोडली. त्याच्या काळी ‘ग्राल’ हे घरातलं भांडं होतं, पसरट आणि जरा खोलगट, जेवणाचे पदार्थ वाढून आणायचं. आपलं तसराळंच म्हणा. म्हणून तर गोष्टीत पुढे एक तपस्वी मुद्दाम सांगतो की त्या ग्रालमध्ये मासे नव्हते, मिस्सेतली (ख्रिस्ती उपासनेतली) एकच पवित्र भाकर होती. शेवटच्या भोजनातलं ख्रिस्ताचं पात्र ते झालं नंतर, १२०० च्या सुमारास, रोबेर द बोरोंच्या काव्यात. तेव्हा तुमची गोष्ट कोणाची, त्यावर शब्द ठरेल. मी सगळीकडे ‘ग्रेल’च ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे भांड्याचं वर्णन करीन.

आता क्वेस्ट. हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ शोधणं आणि विचारणं, दोन्ही. ‘क्वेश्चन’ही त्यातूनच आलाय. आणि ग्रेलची गोष्ट नेमकी इथेच अडते. क्रेतिएँच्या गोष्टीचा नायक, पर्सिव्हल नावाचा तरुण नाइट, एका आजारी राजाकडे जेवायला बसलाय. एक सेवक पांढरा भाला घेऊन येतो, पात्याच्या टोकावरून रक्ताचा थेंब त्याच्या हातापर्यंत ओघळतो. मागून एक मुलगी ग्राल घेऊन येते, त्याच्या तेजापुढे मेणबत्त्या फिक्या पडतात. हे कोणासाठी नेतात, असं पर्सिव्हलच्या ओठावर येतं. पण ‘फार बोलू नये’ असं गुरूने बजावलेलं असतं. उद्या विचारू म्हणून तो गप्प बसतो. सकाळी उठतो तर वाडा रिकामा.

व्होल्फ्राम फॉन एशेनबाखच्या जर्मन काव्यात (तिथे ग्रेल एक दगड आहे!) हा राजा नायकाचा सख्खा मामा निघतो. अनेक वर्षं भटकून नायक परत येतो आणि विचारतो, “मामा, तुला काय होतंय?” एवढ्याने राजा बरा होतो.

याला आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्द आहे, विचारपूस. त्यातलं ‘पूस’ म्हणजे जुनं ‘पुसणे’, विचारणे. क्वेस्टला ‘शोध’ जरूर म्हणा, प्रवास त्याने दिसतो. पण पर्सिव्हलने काय केलं नाही हे सांगताना ‘प्रश्न विचारला नाही’ असं लिहू नका. ‘विचारपूस केली नाही’ असं लिहा. मुलीला चटकन कळेल.

मूळ प्रश्नकर्ती

कालच हा प्रसंग तिला वाचून दाखवला. ‘विचारपूस’वर थांबून म्हणाली, “म्हणजे आजी आजारी होती तेव्हा आपण रोज फोन करायचो तसं?” शब्द पक्का. ‘शिलेदार’ही घेते. ‘शिलेदारी बाणा’ अजून तोंडात बसत नाहीये, त्याला कोणाला दुसरं काही सुचतंय का?